डाव्या अंगाला किती जागा?

महामार्गाचे काम जिथे चालू असते तिथली मराठी सर्वत्र सारखीच असते. ‘पुढे काम चालू आहे’, ‘वाहने सावकाश चालवा’, ‘वळणरस्ता’, आणि सगळे सोसून झाल्यावर ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’. भाषा शिकवणाऱ्याला फलक वाचण्याची खोड असते आणि नाशिकला राहणाऱ्याला ती खोड भागवण्याची संधीही भरपूर मिळते. शहरातला मोठा उड्डाणपूल २०१३ मध्ये खुला होईपर्यंत मुंबई नाका, द्वारका या भागांत आम्ही पत्र्यांच्या भिंतींमधून वाट काढत होतो. आता २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने पुन्हा तीच पाळी आली आहे. इतकी वर्षे हे फलक वाचल्यावर एक गोष्ट लक्षात येते. त्यांच्यात एक तर आज्ञा असते, नाही तर क्षमायाचना. माहिती जवळजवळ नसते. सावकाश म्हणजे किती सावकाश, पुढची वाट किती हात रुंद, डावीकडे कठडा आहे की खड्डा, यांपैकी काहीच ते सांगत नाहीत. काळजी घ्या, एवढेच सांगतात.

दुचाकीवाल्याला किंवा लहान मोटारवाल्याला एवढे पुरते. मोठ्या गाडीला ते पुरत नाही. हिशेब साधा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार बस किंवा ट्रकची रुंदी २.६ मीटरपेक्षा अधिक असू शकत नाही आणि महामार्गावरची एक मार्गिका सर्वसाधारणपणे ३.५ मीटरची असते. म्हणजे पूर्ण रुंदीची बस मार्गिकेच्या बरोबर मधून चालली, तर दोन्ही बाजूंना एकेक हात मोकळा राहतो. जुन्या मापातला हात, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा. त्यातही नियमाने मोजलेल्या रुंदीत आरसे धरलेले नसतात. आरसे धरले की हाताची वीत होते. शिवाय मोठी गाडी वळते तेव्हा तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती वळणाच्या आतून जातात. आणि मागच्या चाकांच्याही मागे जो भाग राहतो तो वळणाच्या उलट दिशेला फेकला जातो. डावीकडे वळावे तर मागचे डावे चाक कठड्यावर चढू पाहते, उजवीकडे वळावे तर गाडीचे शेपूट डावा कठडा घासू पाहते. दोन्ही संकटे डावीकडे, आणि आपल्याकडे चालक बसतो उजवीकडे.

शास्त्राने याचा विचार केलेला नाही असे नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने अशा जागांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली आहे. तिच्यात कामाच्या जागेचे चार टप्पे पाडले आहेत: आधी सूचना देणारा, मग वाहतूक हळूहळू आवळत नेणारा, मग प्रत्यक्ष कामाचा, आणि शेवटी वाहतूक पुन्हा मोकळी सोडणारा. रुंदीची मर्यादा मीटरमध्ये सांगणारा लाल कडीचा गोल फलकही आपल्या चिन्हांत आहे. परंतु कागदावरची रुंदी आणि त्या क्षणाची रुंदी एकच असते असे नाही. एखादा ड्रम वाऱ्याने सरकलेला असतो, रात्रीच्या पाळीतला डंपर कडेला उभा राहिलेला असतो, मातीची कड पावसाने खचलेली असते. त्या क्षणाची रुंदी कोणत्याही फलकावर लिहिता येत नाही. ती कोणी तरी तिथे उभे राहून सांगावी लागते.

ती ओळखण्याच्या शक्तीला आपल्याकडचे चालक ‘जजमेंट’ म्हणतात. न्यायालयातला हा शब्द रस्त्यावर कसा आला ते शोधण्यासारखे आहे. नव्या चालकाविषयी ‘हात चांगला आहे, पण अजून जजमेंट आलं नाही’ असे म्हटले जाते. जजमेंट शिकवता येत नाही, ते येते. शहाणपण येते तसे, किंवा केस पांढरे होतात तसे. आणि गाडीच्या बाजूला चालक बाजू म्हणत नाहीत, ‘अंग’ म्हणतात. ‘डाव्या अंगाला जागा आहे’, ‘उजवं अंग सांभाळ’. चांगल्या चालकाची त्वचा गाडीच्या पत्र्यापर्यंत वाढलेली असते, असे मला लहानपणापासून वाटत आले आहे, कारण असा एक माणूस आमच्या घरात होता.

माझे वडील, अण्णा, एसटीत चालक होते. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी गाडी चालवली आणि त्यातला मोठा भाग नाशिक–मुंबई रस्त्यावर गेला. तेव्हा तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ होता आणि बहुतेक दुपदरी होता. अण्णा २००४ मध्ये निवृत्त झाले. त्यानंतर गोंदे ते वडपे हा सुमारे शंभर किलोमीटरचा टप्पा चौपदरी झाला. ‘आम्ही होतो तोवर रस्ता अरुंद होता, आम्ही घरी बसल्यावर रुंद केला,’ असे ते हसून म्हणत. घरी ते फार बोलत नसत. परंतु जेवताना कधी तरी घाटात दोन ट्रकांच्या मधून गाडी कशी काढली हे सांगायला लागले, की ताटातल्या भाकरीच्या कडा रस्त्याच्या कडा होत आणि वाटी कंटेनर होई.

एसटीत क्लीनर नसतो. ट्रकवर असतो. आमच्या बाजूला त्याला ‘किन्नर’ म्हणतात. पुराणांतला किन्नर गाणारा. ट्रकवरचा किन्नर डाव्या दारातून अर्धा बाहेर लोंबकळत, पत्र्यावर थापा मारत ‘येऊ द्या, येऊ द्या’ असा सूर लावणारा. उच्चाराच्या अपघाताने झालेली ही भेट मला नेहमी अर्थपूर्ण वाटते. एसटीत हे काम वाहकाकडे असते. एक घंटा म्हणजे थांबा, दोन घंटा म्हणजे चला. या दोन चिन्हांवर महाराष्ट्राची सार्वजनिक वाहतूक १९४८ पासून चालत आली आहे. ‘एक आणि दोन यांत गोंधळ होणार नाही असं ठरवलं कुणी, त्याला नमस्कार केला पाहिजे,’ असे अण्णा म्हणत. तीन घंटा, चार घंटा असे काही ठरले असते, तर गोंधळात मोजायची कोणी? थांब आणि चल यांत फक्त पुनरावृत्तीचा फरक. आणि संशय आला तर थांबायचे. माझ्या भाषाविज्ञानाच्या शिक्षणात चिन्हांची इतकी काटकसर मी क्वचित पाहिली.

या सगळ्याचा अर्थ मला कळला तो २०२३ च्या डिसेंबरात.

आई जाऊन वर्ष झाले होते. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग निकामी होत चालला होता. कडेचे अंधुक दिसे, समोरचे पुसलेले. कंबरेच्या दुखण्याने दोन तासांपेक्षा अधिक बसवत नसे. पुण्याच्या माझ्या धाकट्या भावाने यावर तोड काढली. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून भाड्याने मिळणाऱ्या अशा गाड्यांची चर्चा होऊ लागली होती. झोपायला पलंग, छोटे स्वयंपाकघर, शौचालय, आणि सोबत चालक. अण्णांना अलिबागचा समुद्र दाखवायचा असे ठरले. ज्या रस्त्यावर त्यांनी आयुष्य घालवले, त्या रस्त्यावरून ते प्रथमच प्रवासी म्हणून, आणि तेही आडवे पडून, जाणार होते.

ते आडवे पडलेच नाहीत. नाशिक सोडल्यापासून चालकाच्या डावीकडच्या आसनावर बसले. गाडी म्हणजे बसच्या सांगाड्यावर बांधलेले घरच होते: साडेसात मीटर लांब, सव्वादोन मीटरहून थोडी अधिक रुंद, आणि डाव्या अंगाला छपराजवळ गुंडाळलेल्या तंबूची एक लांब पेटी, जी चार बोटे बाहेर आलेली. चालक पंचविशीतला, नम्र, हात साफ असलेला मुलगा. अण्णांनी त्याला पहिला प्रश्न विचारला, ‘क्लीनर कुठाय?’

‘क्लीनर नसतो बाबा या गाडीला. कॅमेरा आहे मागं.’

अण्णा काही बोलले नाहीत. कसाऱ्याचा घाट उतरताना त्यांनी रेल्वेची गोष्ट सांगितली. या थळघाटातला लोहमार्ग सदतीस फुटांना एक फूट चढतो. १८६५ मध्ये तो सुरू झाला आणि तेव्हापासून चढणाऱ्या गाड्यांना मागून जोर देणारी इंजिने जोडण्याची रीत पडली. पुढचा चालक आणि मागचा चालक एकमेकांना पाहू शकत नाहीत. त्यांच्यामध्ये अख्खी गाडी असते. ‘शिट्टीवर चालतं सगळं,’ अण्णा म्हणाले. ‘दिसत नाही म्हणून ऐकायचं.’ मुलाने मान हलवली. मला तेव्हा ते एका दृष्टी गमावलेल्या माणसाचे सांत्वन वाटले.

शहापूर मागे पडले, वडपे आले आणि रस्ता आवळायला लागला. वडपे ते ठाण्यातले माजिवडे हा सुमारे चोवीस किलोमीटरचा टप्पा तेव्हा आठपदरी करण्याचे काम चालू होते. एका बाजूला उकरलेली जमीन, दुसरीकडे नव्या काँक्रीटचा उंच पट्टा, मध्ये ओतीव काँक्रीटचे कठडे लावून दाखवलेली वाट, आणि त्या वाटेवर मुंबई–नाशिकची आणि भिवंडीच्या गोदामांची सगळी अवजड वाहतूक. एका वळणरस्त्यावर कंटेनर बंद पडला होता. त्याच्या डावीकडून मोटारी सरकत होत्या. आमची पाळी आली आणि आमच्या मुलाने ब्रेक दाबला. उजवीकडे कंटेनरचा लोखंडी पत्रा, डावीकडे काँक्रीटचा कठडा, कठड्यापलीकडे पुरुषभर खोल चर. मागे वाहनांची रांग. मागे जाणे शक्य नव्हते.

अण्णांनी विचारले, ‘डाव्या अंगाला किती जागा?’

‘दिसत नाही बाबा. आहे वाटतं.’

‘वाटतं नको. पोरी, तू उतर.’

मी उतरले. कंटेनर आणि कठडा यांतले अंतर मी ओढणीने मोजले, मग ती ओढणी गाडीच्या तोंडावर धरली. आरसे सोडून गाडी त्या वाटेत मावत होती; दोन्ही बाजूंना जेमतेम एकेक वीत. डावीकडे तंबूच्या पेटीमुळे तीही चार बोटे कमी. आरसे धरले तर मावत नव्हती. म्हणजे आरसे मिटावे लागणार होते, आणि आरसे मिटले की चालकाला डावीकडचे काहीच दिसणार नव्हते. मोठ्या गाडीच्या अडचणीतले हे मर्म मला तिथे उभी असताना कळले. जिथे पाहण्याची सर्वांत जास्त गरज असते, नेमके तिथेच आत शिरण्यासाठी डोळे मिटून घ्यावे लागतात.

अण्णांनी खिडकीतून मला जे सांगितले ते पाच-सहा वाक्यांत मावते. आजही मला ते पाठ आहे, म्हणून इथे नोंदवते.

‘गाडी आणि भिंत यांच्या मधे कधी उभं राहायचं नाही. भिंतीच्या पलीकडं, पुढं उभी राहा, याला तुझं तोंड दिसलं पाहिजे.’

‘बोलणं थांबवायचं नाही. तू गप्प झालीस की हा थांबेल. त्याला कळणार नाही की जागा आहे म्हणून गप्प आहेस की तोंडचं पाणी पळालं म्हणून गप्प आहेस.’

‘जागा किती ते सांगायचं. वीत, चार बोटं, दोन बोटं. बहुतेक म्हणायचं नाही, वाटतं म्हणायचं नाही, आणि ओरडायचं नाही.’

‘बस म्हटलं की बस. कशासाठी ते मागाहून.’

आणि शेवटचे, सर्वांत महत्त्वाचे: ‘आवाज एकाचाच. दोघं बोलायला लागले की गाडी लागली समज.’

कारण तिथे दुसरा एक माणूस आधीच होता. लाल आणि हिरवे झेंडे घेतलेला, धुळीने केसांपर्यंत भरलेला, विशीतला मजूर. तो हिंदीत ‘आने दो, आने दो’ म्हणत होता. त्याचा अंदाज माझ्यापेक्षा शंभर पट चांगला होता, हे उघड होते. अण्णांनी त्याला गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर पाठवले. मागे काय दिसते ते त्याने मला हाताने दाखवायचे, मी चालकाला तोंडाने सांगायचे. भाऊ उजवीकडे कंटेनरच्या टोकाशी. त्यानेही मलाच हात दाखवायचा. आत फक्त अण्णा आणि तो मुलगा. अण्णांना काही दिसत नव्हते. ते डोळे मिटून बसले होते आणि मुलाला एवढेच म्हणत होते, ‘ती सांगते तेवढंच कर. क्लच सोडू नको पूर्ण.’

मी बोलू लागले. ‘येऊ द्या. वीतभर आहे. येऊ द्या. वीतभर. चार बोटं कमी झाली. उजवीकडं थोडं घ्या. थोडं. सरळ करा. येऊ द्या.’ वर्गात पंचेचाळीस मिनिटे बोलण्याची मला सवय आहे. वीस वर्षांत माझ्या एखाद्या वाक्यावर असे काही अवलंबून असल्याचे मला आठवत नाही. प्रत्येक शब्दाला गाडी उत्तर देत होती. ‘थोडं’ म्हटले की चाक थोडे वळत होते. मग वाटेचे टोक आले, तिथे मुख्य रस्त्यावर परत येण्यासाठी उजवीकडे वळायचे होते, आणि गाडीचे शेपूट डाव्या कठड्याकडे सरकू लागले. मागच्या मुलाने पत्र्यावर एकच थाप मारली. मी ‘बस’ म्हटले. गाडी थांबली. पेटी आणि कठडा यांत दोन बोटे उरली होती. सरळ थोडे पुढे, मग वळण. पुन्हा थोडे पुढे, मग वळण. अण्णांची एक घंटा आणि दोन घंटा त्या झेंडेवाल्या मुलाला कोणी शिकवल्या नव्हत्या, पण गाडी मोकळी झाल्यावर त्याने पत्र्यावर दोन थापा मारल्या.

सात-आठ मिनिटांचे काम. कोणाला इजा नाही, पत्र्यावर ओरखडा नाही. अण्णांनी मागे वळून पहिले वाक्य उच्चारले ते असे: ‘त्या पोराला पाणी दिलं का?’

या प्रश्नाने माझे लक्ष ज्याच्याकडे गेले, त्याच्याविषयी थोडे लिहिले पाहिजे. आपण अरुंद वाटेने जातो तेव्हा ती आपल्यासाठी अडथळा असते. कोणासाठी तरी ती कामाची जागा असते. आपण वीतभर जागेची चिंता करतो. झेंडेवाला त्या वीतभर जागेच्या कडेला दहा-बारा तास उभा असतो आणि प्रत्येक गाडीचे जजमेंट चुकण्याची शक्यता त्याच्या अंगाशी लागून जाते. आम्ही गेलो त्याच्या चारच महिने आधी, ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर, याच शहापूर तालुक्यात सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असताना तुळया बसवणारे अजस्र यंत्र कोसळले आणि वीस जणांचा मृत्यू झाला. तो महामार्ग ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन पूर्ण झाला. ७०१ किलोमीटर. आता नाशिककर कसाऱ्याचा घाट टाळून बोगद्यातून काही मिनिटांत खाली उतरतो. रस्ता रुंद झाला की अरुंद काळातली माणसे विसरली जातात. ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ हा फलकही काढून नेतात, आणि त्यात ज्यांची गैरसोय सर्वांत मोठी होती त्यांचा उल्लेख मुळातच नव्हता.

मोठी वस्तू अरुंद वाटेने नेणे हे किती माणसांचे काम असते, याचे एक उदाहरण नाशिकशी जोडलेले आहे. अवकाश संशोधनासाठी लागणारे एक प्रचंड यंत्र ८ जुलै २०१९ रोजी महाराष्ट्रातून तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राकडे निघाले. ते नाशिकमध्ये तयार झाल्याचे वृत्तसंस्थांनी तेव्हा सांगितले होते. वजन सुमारे ७० टन, उंची साडेसात मीटर, रुंदी ६.६५ मीटर, वाहनाला ७४ चाके. साधारण सतराशे किलोमीटरचा हा प्रवास १९ जुलै २०२० रोजी संपला; चार राज्ये ओलांडायला एक वर्ष लागले, मध्ये टाळेबंदीही येऊन गेली. सोबत तीसएक माणसे होती. कुठे विजेच्या तारा उचलायच्या, कुठे झाड तोडायचे, कुठे रस्ता आधी दुरुस्त करायचा. ६.६५ मीटर रुंदीची वस्तू साडेतीन मीटरच्या मार्गिकेत मावत नाही हे सांगायला गणित लागत नाही. ती तरीही पोहोचली, कारण तिच्या चारही अंगांना डोळे उघडे ठेवणारी माणसे चालत होती. वाहनाचे नाव बातम्यांत आले, यंत्राचे आले. त्या चालणाऱ्यांचे काम मात्र बातमीच्या शेवटच्या ओळींत उरकले गेले.

आता ही माणसे कमी होत आहेत. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या मालवाहतूकदारांनी संप केला, तेव्हा अवजड वाहनांवरची क्लीनरची सक्ती रद्द करावी ही त्यांची एक मागणी होती. चालकाला साहाय्य करणारी यंत्रणा बसवलेल्या गाड्यांना सूट देण्याकडे सरकारचाही कल दिसला. मागणीमागची कारणे खोटी नाहीत. क्लीनर मिळत नाहीत, त्यांचा पगार परवडत नाही. आणि एका मुलाचे तारुण्य डाव्या दारात लोंबकळत जावे, हे काही गौरवाचे नाही. चारही बाजूंचे कॅमेरे माणसापेक्षा अधिक आणि अधिक अचूक पाहतात, हेही खरे. आमच्या गाडीचा एकुलता कॅमेरा वडप्याच्या धुळीने आंधळा झाला होता, एवढ्यावरून मी यंत्राविरुद्ध निकाल देणार नाही.

परंतु एक फरक उरतो. कॅमेरा जे पाहतो त्याला तो जबाबदार नसतो. ‘वीतभर आहे, येऊ द्या’ असे म्हणणारा माणूस स्वतः त्या विती­च्या कडेला उभा असतो. त्याचे वाक्य खोटे ठरले, तर पहिला तडाखा त्यालाच बसण्याची शक्यता असते. म्हणून त्याच्या वाक्यावर डोळे मिटलेला चालक विश्वास टाकतो. आपण वर्गांत शिकवतो की भाषा संदिग्ध असते, शब्दाला अनेक अर्थ असतात, अर्थ सतत पुढे ढकलला जातो. साहित्यापुरते मी हे मानते आणि पुढेही शिकवीन. मात्र त्याबरोबर आता विद्यार्थ्यांना हेही सांगते, की ज्या माणसांनी आयुष्यभर एका घंटेला थांब आणि दोन घंटांना चल मानले, त्यांची भाषा आपल्यापेक्षा गरीब नव्हती. त्यांनी शब्द कमी केले होते ते अर्थाची जबाबदारी वाढवण्यासाठी. आपण पुष्कळदा उलट करतो. समीक्षेच्या लेखात ‘कदाचित’, ‘बहुधा’, ‘असे म्हणता येईल’ ही शब्दांची उशी पसरतो आणि मग कोणत्याही अंगाला पडलो तरी लागत नाही.

अलिबागचा समुद्र अण्णांना फारसा दिसला नाही. त्यांनी तो ऐकला. परतीच्या वाटेवर मात्र ते पलंगावर झोपले आणि शहापूरपर्यंत उठले नाहीत. पुढच्या आसनावर, डावीकडे, मी बसले होते.

त्यानंतर त्यांची नजर आणखी गेली. आता घराबाहेर पडायचे तर मी त्यांच्या डावीकडून चालते, कारण डाव्या डोळ्याने त्यांना आता कडेचेही दिसत नाही. आमच्या रस्त्यावर सध्या जलवाहिनीसाठी खोदलेले आहे; मातीचे ढीग, पत्रे, त्यांच्यामधून एक माणूस जाईल एवढी वाट. परवा त्या वाटेवर मी सवयीने म्हणाले, ‘अण्णा, जपून.’

ते थांबले. ‘जपून काय?’ म्हणाले. ‘किती जागा आहे ते सांग.’